थेंब म्हणजे किती

अलीकडे माझं अंग माझं एकटीचं राहिलेलं नाही. दुपारचा चहा उकळत असतो, तेवढ्यात छातीतून एक धग निघते, मानेवर चढते, कान तापतात, आणि मी नकळत पाण्याचा स्टीलचा पेला गळ्याला लावून उभी राहते. अशी माझी सासू उभी राहायची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या होत्या तोवर मी त्यांचं काही उचललं नाही, ना पुरण ना उपास. आता त्याच येऊन परस्पर माझा हात उचलतात असं वाटतं. पहाटे जाग येते तीही त्यांच्याच वेळेला. भुतांवर माझा विश्वास नाही. हा हार्मोन्सचा कारभार आहे हे मी वाचलेलं आहे. वाचल्याने घाम थांबत नाही, एवढंच.

यंदाच्या श्रावणात आमच्या अंबरनाथ पश्चिमेला एका महिला मंडळाने या विषयावर व्याख्यान ठेवलं. फलकावर ‘रजोनिवृत्ती : एक सोनेरी पहाट’ आणि खाली हात जोडलेल्या पुरुषांचे फोटो. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले. समोर बसलेल्या प्रत्येक बाईला घाम फुटला आणि व्यासपीठावर त्याच घामाविषयी प्रास्ताविक सुरू झालं. मग शाली, नारळ, प्रमुख पाहुण्यांचं मातृशक्तीवर भाषण. उरलेल्या वेळात डॉक्टरीणबाईंना माइक मिळाला. त्या भराभर बोलल्या. त्यातलं एक वाक्य असं होतं की, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी थांबू नका, तपासून घ्या.

माझ्या शेजारी माझी मोठी जाऊ बसली होती. ती बदलापूरला, खरवईत राहते. व्याख्यानाला येणाऱ्या प्रत्येकीला डबा मिळणार आहे असं सांगून मी तिला आणलं होतं. ते वाक्य आलं आणि तिचा पदराने वारा घेणारा हात थांबला. पंखे अजून बंदच होते.

बाहेर पायऱ्यांवर डबा पिशवीत ठेवताना तिने विचारलं, “थेंब म्हणजे किती गं?”

“का?”

“का काय? विचारलं. तू एवढी पुस्तकं वाचतेस, तुला ठाऊक असेल.”

“ताई, तुम्हाला दिसला का?”

तिने इकडेतिकडे पाहिलं. “थेंब नाही म्हणता येणार,” ती म्हणाली.

ताईची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्या घरात त्याला मोकळी होणं म्हणतात, आणि त्याबरोबर एक हुद्दा मिळतो. गौरींचे मुखवटे पेटीतून काढायचे, त्यांना हात लावायचा, सोवळ्यात नैवेद्य रांधायचा, हे फक्त मोकळ्या झालेल्या बाईने. सासूबाईंनंतर हे काम ताईकडे आलं. सगळी हयात तिने या घरात दुसऱ्यांच्या सांगण्यावरून काढली होती. वर्षातले हे तीन दिवस मात्र तिचे यजमान, म्हणजे माझे दीरसुद्धा तिला विचारून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबायचे. त्यामुळे अंगावरून पुन्हा जायला लागलं तेव्हा तिला आजार सुचलाच नाही. विटाळ सुचला. आणि विटाळावरचा तिला माहीत असलेला उपाय म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, ज्या आमच्याकडे लग्नामुंजीच्या याद्यांइतक्याच ठरलेल्या असतात. बदलापुरात कोणी ओळखेल म्हणून ती थेट उल्हासनगरला, कॅम्प पाचला गेली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं होतं, “कितने दिन का फंक्शन है, भाभी?”

“मी म्हटलं, गौरी होईपर्यंत द्या,” ताई सांगत होती.

“आणि तुमचं वय?”

“त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

मी म्हटलं उद्याच डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली गौरी झाल्यावर. मी चिडले, समजावलं, एक-दोन भयंकर शब्दही वापरले. कॅन्सर या शब्दाने ती हलली नाही. मागल्या गौरींच्या वेळीही थोडं जात होतं हे सांगताना मात्र तिचा आवाज खाली आला. “मी तशीच मुखवट्याला हात लावला. सासूबाई बघत होत्या.”

“सासूबाई वारल्यात, ताई.”

“म्हणून काय झालं?”

माझ्या गळ्याला त्यांचा पेला रोज लागत होता.

शेवटी तिने अट घातली. “या वर्षी गौरी तू कर. मग मी तुझ्या डॉक्टरिणीकडे येते.”

“माझं अजून पुरतं गेलेलं नाही.”

“शेवटची कधी आली?”

“होळीच्या सुमारास.”

“मग चालवून घेऊ,” ती म्हणाली. देवीच्या वतीने तडजोड करायचा अधिकार अजून तिच्याचकडे होता.

डॉक्टरीणबाई गोळ्यांचं ऐकून इतक्या संतापल्या की ताईने माझा दंड धरला. सोनोग्राफी झाली, मग गर्भपिशवीतला तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट यायच्या आत गौरी आल्या.

खरवईच्या त्या घराभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत, त्यामुळे माजघरात दिवसाही दिवा लागतो. मी मुखवटे काढले. पितळ गार होतं. गौरी उभ्या केल्यावर त्यांची नजर खोलीभर माझ्यामागे फिरते असं वाटत होतं. डोळे रंगवण्याची ती युक्ती असते हे मला ठाऊक आहे, तरी मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहत नव्हते. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, पुरण वाटून झालं आणि कंबरेतून ओळखीची कळ आली. न्हाणीघरात जाऊन पाहिलं. इतक्या महिन्यांनी नेमकी त्या सकाळी.

लपवणं सोपं होतं. पण लपवलेल्या रक्तापायीच तर आम्ही महिनाभर धावत होतो. मी ताईला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून सांगितलं.

ती पांढरी पडली. बाहेर पानं मांडली जात होती, सवाष्णी येऊन बसल्या होत्या. तिने एकदा गौरींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“घेतलंस काही?”

“पॅड घेतलं.”

“गोळी म्हणते मी.”

“नाही.”

तिने दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाली, “आता हात लावून झालाच आहे. वाढ. बघू तुला गौरी काय करतात.”

हे ती रागाने बोलली नव्हती. तिला खरंच बघायचं होतं, हे मला नंतर समजलं.

विसर्जनानंतर रिपोर्ट आला. कॅन्सर झालेला नव्हता, पण वाट त्या दिशेची होती. पिशवी काढून टाका, फार थांबू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, “म्हणजे मला दाखवलीच शिक्षा.”

“शिक्षा असती तर मलाही झाली असती. मी तर पहिल्याच वर्षी…”

“तेच बघतेय,” ती म्हणाली. “तू बरी राहिलीस तर करून घेते ऑपरेशन. देवीनेच केलं असेल तर डॉक्टर काय करणार? पिशवी काढली तर दुसरीकडून उट्टं काढेल.”

दसऱ्यानंतरची तारीख मिळाली आहे. तोवर रोज सकाळी तिचा फोन येतो.

“बरी आहेस ना?”

“ठणठणीत.”

“झोप?”

“छान.”

“छातीत वगैरे काही?”

“छे हो.”

तिच्या ऑपरेशनचा पुरावा म्हणून मी जगते आहे. गुडघा दुखला तर मी लंगडत नाही, कारण शेजारीण तिची मावसबहीण आहे. रक्तदाब तपासायला ऐन दुपारी, गर्दी नसताना जाते. डॉक्टरीणबाई सांगतात, ही छातीतली धडधड या वयात होते, घाबरू नका. मी घाबरत नाही. फक्त पहाटे जाग आली की अंधारात छातीवर हात ठेवून पडते आणि त्या घोड्याच्या टापा ऐकताना मनात येतं, हे हार्मोन्सच आहेत ना? मग स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटून टापा कमी होत नाहीत.

आज सकाळी फोन आला तेव्हा मी ओट्याला टेकून उभी होते. कानांत रक्त वाजत होतं, पाठ भिजली होती, डोळ्यांपुढे काळे ठिपके होते.

“आवाज कसातरी येतोय गं तुझा.”

“जिना चढून आले, ताई.”

“तुमची लिफ्ट बंद आहे?”

“नाही. उगीच चढले. अंगात ताकद आहे म्हणून.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बरं. पिशवी भरून ठेवते मग. तिथे गाऊन तेच देतात की आपला न्यायचा?”

“आपला न्या,” मी म्हटलं, आणि तिने फोन ठेवेपर्यंत ओटा धरून उभी राहिले.