केळी पिकवणारा बर्फातला शेतकरी

जळगाव स्टेशनावर आबांनी माझ्या बॅगेत हिरव्या केळ्यांची फणी कोंबली आणि म्हणाले, "घाबरू नको, बठ्ठं बरं व्हई." आबा म्हणजे माझे वडील; मूळचे साक्रीचे, जन्म गेला सावद्याच्या केळीच्या वखारीत, पण अहिराणी बोली बदलली नाही. "मी कुठे घाबरतेय?" असं मी म्हटलं खरं, पण गाडी हलली तेव्हा हात हलवायचा सोडून तिकीट पुन्हा तपासत बसले. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट, आणि अशी ही शूर बाई!

त्याआधी धुळ्याच्या सांख्यिकी कार्यालयात माझा काय तोरा होता! लोक आपलं काम सांगत, आणि तो माणूस कुठल्या उद्योगात मोडतो ते पुस्तकात बघून मी आकडा टाकायची. विडी वळणं, हातमाग, सगळं तोंडपाठ. कॅनडात तेच काम मिळालं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. यांना अजून नोकरी नव्हती. माझी गेली की दोघांचं परतीचं तिकीट, आणि सावद्याच्या बायका विचारायला टपलेल्या: "काय अक्का, इतक्यात पाहुणचार संपला?"

इथलं पुस्तक उघडलं तर सगळंच वेगळं. विडी वळणाऱ्यांना इथे ओळच नाही; लाकूडतोडीला मात्र अख्खा विभाग. घरात बसून पापड लाटून विकणाऱ्या बाईला आपल्याकडे 'घरगुती उद्योग' असा वेगळा रकाना. इथे तो शोधूनही सापडेना. मग मी भीतीपोटी एक शहाणपणा केला. प्रत्येक कागद आधी मनात मराठीत म्हणायची, मगच आकडा.

तिथेच घात झाला. एका कागदावर इंग्रजीत होतं, हा माणूस गोदामात कच्ची केळी पिवळी करतो. मी मनात म्हटलं, 'केळी पिकवतो'. पिकवतो म्हणजे शेतकरी! दिला शेतीचा आकडा. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ होता, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य मार्गारेटबाई टेबलाशी आल्या. "आपल्या देशात केळीचा शेतकरी सापडलाय. मला त्याला भेटायचंय."

मी कागद पुन्हा वाचला. अडखळत सांगितलं, "आमच्याकडे शेतात लावणं आणि वखारीत पिवळं करणं, दोन्हीला एकच शब्द आहे, बाई."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घाऊक व्यापारात घाल," म्हणाल्या, आणि निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! आता काढतील, मग काढतील, या धास्तीने मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली. नोकरी पक्की झाली तरी ती तिथेच. शेवटी हे वैतागले, "अगं, निदान माझे मोजे तरी काढ त्यातून!"

सावद्यातल्या बायांनो, आणि माझ्यासारखं घर सोडलेल्यांनो, ती बॅग कधी रिकामी झाली ते मला आठवत नाही. परवा नात वेणी घालून देताना म्हणाली, "आजी, तुझं घर नक्की कुठलं? इंडिया की इथलं?"

वाटलं, म्हणावं सावदा. पण आरशात डोकं दिसत होतं, अख्खं पांढरं. हे केस वाढले तिकडे आणि पिकले इकडे.

"कुठला आकडा टाकू, सांग," मी तिला म्हटलं. "मार्गारेटबाई तर आता राहिल्या नाहीत विचारायला."