पातेली वेगळी, ब्राउझर वेगळे

सिंकखाली सुपरमार्केटच्या पिशव्या साचतात ना, तसे आमच्या इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरात किस्से साचले. टाकवत नाहीत, आणि एक ओढला की चार बाहेर येतात. दोन हजार पाचच्या आसपास तिथं आम्ही चौघं राहायचो, शिरीष, निखिल, मंदार आणि मी, सगळे सॉफ्टवेअरवाले. मंदारची बायको केतकी तेव्हा बाळंतपणाला नागपूरला होती. तिचं बीपी वाढलेलं आणि याला रजा मिळेना. आम्ही त्याला हसवायला बघायचो. तो हसायचा नाही.

शिरीष प्रत्येक कामाला वेगळा ब्राउझर वापरायचा, तोही कुणी फारसं नाव न ऐकलेला. बँकेला एक, क्रिकेटच्या स्कोअरला दुसरा आणि कनेक्शन रडायला लागलं की लिंक्स, ज्यात नुसती अक्षरं दिसतात. मी म्हटलं, "एकात भागत नाही का रे?"

"तुझी आई दुधाच्या पातेल्यात आमटी करते का?"

तेव्हापासून आम्ही त्यांना पातेलीच म्हणायला लागलो.

निखिल ऑफिसात लग्नाच्या साइटवर स्थळं बघायचा. मॅनेजरला दिसू नये म्हणून ओपेरा ब्राउझरात फोटो बंद ठेवायचा. साइटवर नावंही नसायची. माहिती वाचून एक मुलगी पसंत पडली, तिला भेटायला लेस्टरला गेला, तर समोर कॉलेजातली, याला एकदा नकार दिलेली! "या वेळी निदान जेवायला घालून नाही म्हणाली," असं परत येऊन सांगत होता.

आमच्या ओळखीच्या कॉव्हेंट्रीच्या डॉक्टरकाकांना शिरीषनं पॉपअप जाहिराती अडवणारा ब्राउझर घालून दिला. आठवड्यात काकांचा फोन. "अरे, जुनंच बरं होतं. काकूला रोज बक्षीस लागायचं, ते बंद झालं."

"अहो काका, ती फसवणूक असते."

"ते मला कळतं. तू तिला सांग."

मग एका शनिवारी सकाळी नागपूरहून फोन आला, केतकीला ऑपरेशनला नेलंय. त्यानंतर फोन लागेचना. बऱ्याच वेळानं मेहुण्याची ईमेल आली, पण तिला भलामोठा फोटो जोडलेला. पान अर्ध्यात अडकलं. मंदार पुन्हापुन्हा तेच पान उघडत होता. शिरीषनं त्याला खुर्चीसकट बाजूला सरकवलं आणि लिंक्स उघडला.

काळ्या स्क्रीनवर अक्षरं आली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच चहा टाकायला उठलो. निखिल चक्क रडत होता.

मजकुराखाली, फोटोच्या जागी, कंसात नुसता एक शब्द होता: इमेज. मंदार खुर्ची पुढे ओढून त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "नाक केतकीवर गेलंय."