एकदा ठोकून बघू का

आमच्या गल्लीत अशी वदंता आहे की आत्याने ऑफिसचा ड्रोन नदीत बुडवला. किराणावाल्याच्या दुकानात तर ड्रोनच्या मागोमाग आत्याही पाण्यात पडते. शेजारच्या काकू त्याच्याही पुढे. "अहो, यंत्राचा धसकाच घेतला होता हो तिने. बटणं बघूनच घाम फुटायचा."

यातलं काहीच खरं नाही. ड्रोन त्याच्या काळ्या पेटीत सुखरूप आहे. आणि धसका म्हणाल, तर अख्ख्या ऑफिसात तो उडवायचा परवाना पहिल्यांदा काढला तो आत्यानेच. पडलं ते वेगळंच.

आत्या पुलांची तपासनीस. सव्वीस वर्षं तिची आणि ठोककाकांची जोडी. काका शिडीवर चढून हातोडीने काँक्रीट ठोकत जायचे, आत्या खाली उभी राहून वहीत लिहायची. भरीव काँक्रीट ठण्ण वाजतं, आतून पोपडा सुटला असेल तर भद्द. प्रत्येक ठोक्यानंतर काका मान तिरकी करायचे, जणू पूल त्यांच्या कानात घरातली भानगड सांगतोय.

मग ड्रोन आला आणि तीन दिवसांचं काम तासावर आलं. आत्या हरखून गेली. प्रशिक्षणात सांगितलं होतं की ड्रोन फक्त कुठे बघायचं ते दाखवतो, खात्री माणसाने हात लावूनच करायची. तिने ते वाक्य वहीत दोनदा अधोरेखितही केलं होतं.

नदीवरच्या पुलाला तेव्हा खालून नुकताच रंग दिला होता. पडद्यावर सगळं कसं लोण्यासारखं गुळगुळीत. काका शिडीला टेकून उभे.

"बाई, एकदा ठोकून बघू का?"

"काका, फोटो बघा ना. नखाएवढी चीर नाही."

"रंग नवा आहे म्हणून म्हणतो. रंगाखालचं त्याला काय दिसतंय?"

"जरा गुडघ्यांवर दया करा. बसा."

काका बसले. छापील अहवालात एक ओळ असते, 'प्रत्यक्ष ठोकून तपासले'. आत्याने सव्वीस वर्षांच्या सवयीने त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. महिनाअखेरीस काका निवृत्त झाले.

पुढच्याच आठवड्यात तिसऱ्या खांबाजवळ उशीएवढा पोपडा सुटला, तो खालून जाणाऱ्या नावाड्याच्या खांद्यावर. माणूस वाचला, पण त्या हाताने आता वल्हं ओढवत नाही. त्याची नाव काठावर पालथी पडलेली असते. आत्या तिथून जाताना चपलांकडे बघत चालते.

साहेब म्हणाले, "ड्रोनला दिसलं नाही असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"ठोकून बघितलं असं लिहिलंय साहेब. ड्रोनला हात नसतात. ती खूण माझी आहे."

तसंच तिने लेखी दिलं. ड्रोनच्या भरवशावर पास केलेले नऊच्या नऊ पूल पुन्हा हाताने तपासायचे, हेही तिनेच मागून घेतलं. आता त्यातला एकही हुकून चालणार नव्हता. ती काकांच्या घरी गेली. काका गॅलरीत शेंगा सोलत होते.

"काका, नऊ पुलांपुरतं या."

"बाई, आता कान राहिले नाहीत." खरंच की रागाने, ते विचारायचं तिचं धाडस झालं नाही. ती निघताना त्यांनी फडक्यात गुंडाळलेली हातोडी तिच्या हातात दिली. "नावाड्याचा खांदा कसा आहे?" एवढंच विचारलं.

घरी येऊन ती मला म्हणाली, "सव्वीस वर्षं काकांची तिरकी मान बघून लिहीत आले गं. आवाज मी कधी ऐकलाच नाही."

मला काका हुबेहूब करता येतात. त्या रात्री जेवताना घोगऱ्या आवाजात मी "बाई, एकदा ठोकून बघू का?" म्हटलं, तर आत्या ताट सोडून उठली.

मग महिनाभर ती ऑफिसच्या आवारातल्या, कुठे भरीव कुठे पोकळ झालेल्या काँक्रीटच्या जुन्या तुळईवर ठोकत बसायची. पहिल्या पुलाच्या आदल्या दिवशी मी पैज लावली. ती तुळईकडे पाठ करून उभी राहणार, मी वीस आवाज काढणार, काही हातोडीने, काही तोंडाने. प्रत्येक आवाज भरीव, पोकळ की माझा, ते तिने सांगायचं; एक जरी चुकला तरी मी जिंकले.

"जिंकले तर ड्रोन उडवायला देशील?"

"परवाना आहे का तुझ्याकडे? दुसरं काही माग."

"तुझी सायकल."

"चालेल. आणि मी जिंकले तर काकांची नक्कल बंद. कायमची."

एकोणीस तिने बरोबर ओळखले. विसावा भद्द मी तोंडाने काढला, अगदी जीव ओतून. तिची मान जराशी तिरकी झाली.

"ही तू," ती पाठमोरीच म्हणाली. "पोपडा आधी श्वास घेत नाही."

सायकल तिच्याकडेच आहे. काका माझ्या तोंडातून कायमचे निवृत्त झालेत.