बुधवारची गाडी

मी नर्स आहे. जामखेडच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचं उपकेंद्र आणि त्याच्याही पुढं तीन वस्त्या. बुधवार म्हणजे वस्त्यांवरच्या लेकरांना लस द्यायचा दिवस. बारा वर्षं मी दर बुधवारी मिस्टरांच्या मोटारसायकलवर मागं, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लसीची निळी पेटी धरून गेले. माहेर देवळाली प्रवराचं, तिथं शाळेला सायकलवर जायचे, ती लग्नानंतर सुटली ती सुटलीच. घरात ड्रायव्हर असताना कोण कशाला शिकतंय?

मग डिसेंबरात एकामागोमाग सगळं अंगावर आलं. सोळा वर्षांची आमची गाडी चढावर तिसऱ्यांदा बंद पडली आणि गावातला मिस्त्री म्हणाला, आता हिला पेन्शन द्या. त्याच आठवड्यात मिस्टरांना शिर्डीच्या एका हॉटेलातून बोलावणं आलं, स्टोअर सांभाळायचं काम, एक मार्चपासून. आमच्या कोरडवाहू रानाकडं बघितलं तर ती नोकरी सोडण्यासारखी नव्हती. पण ह्यांनी मला तोंडावर सांगितलं, "तुझी सोय लागल्याबिगर मी हलायचो न्हाई." आणि गाडीअभावी दोन बुधवार चुकले, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला बोलावून घेतलं. फेब्रुवारी संपेपर्यंत माझी मी वस्त्यांवर जायला लागले नाही, तर त्या वस्त्या दुसऱ्या सिस्टरकडं जातील आणि मी केंद्रावर रजिस्टरं लिहीत बसायचं. त्यांचंही चुकत नव्हतं, लेकरांच्या लसी काय माझ्यासाठी थांबणार? पण मला असा राग आला म्हणता! त्या वस्त्यांवरची निम्मी पोरं माझ्या हातात जन्मलेली. मी बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवरच ह्यांना सांगून टाकलं, गाडी घ्यायची, मी शिकणार, आणि गाडी माझ्या नावावर पाहिजे.

मिस्टर आधी हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही जामखेडला शोरूमला गेलो. जाताना मी लसीची पेटी बरोबर घेतली, रिकामी. हे म्हणाले, अगं गाडी घ्यायला चाललोय, लसीच्या सेशनला न्हाई. मी म्हटलं, साडी घेताना अंगाला लावून बघतात, मग गाडी घेताना पेटी लावून बघायला नको? शोरूमचा विक्रेता टाय लावून दारातच उभा होता. त्यानं पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, मॅडमचा मासळीचा बिझनेस आहे का? मिस्टर तोंडावर रुमाल धरून रस्त्याकडं बघायला लागले.

त्या बाबानं मला सरळ स्कूटरींच्या रांगेत नेलं. गुलाबी, आकाशी, मोरपंखी, लेडीजसाठी खास म्हणे. मी म्हटलं, मला ती पलीकडची दाखवा, काळी, लाल पट्ट्याची. ती मोटारसायकल पंचवीस वर्षांपूर्वी जशी होती तशीच आजही आहे. माझ्या लग्नाला पाहुणे आले तेही तिच्यावरच आले आणि आमची पेन्शनीत गेलेली गाडीही तीच. तो माझ्याशी बोलायचं सोडून ह्यांच्याकडं वळला आणि म्हणाला, सर, ते मॉडेल जुनं झालं, आणि मॅडमना गिअर झेपायचे नाहीत. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, दादा, पायाळू पोरं ह्या हातांनी सुखरूप बाहेर काढलीत मी, तुमचा गिअर काय चीज आहे? आणि गाडी मी घेतेय, सरांनी नाही, तेव्हा माझ्याकडं बघून बोला.

मग मी त्याला माझ्या वाटेचा हिशेब सांगितला. ओढ्यात नारळाएवढे गोटे आहेत, त्यात स्कूटरचं बारकं चाक अडकतं. हँडलवर टीव्ही असलेली गाडी बिघडली तर आमच्या मिस्त्रीनं काय करायचं, हात जोडायचे? ह्या काळीचं इंजिन तो डोळे झाकून उघडतो. हिची क्लचची केबल आमच्या गावात किराण्याच्या दुकानात मिळते, साबणाच्या वड्यांशेजारी टांगलेली असते. हे सगळं ऐकून त्यानं शेवटचं हत्यार काढलं, विजेवरची गाडी. चालू केली तर आवाजच नाही. तो कौतुकानं माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, ही चोराच्या कामाची. आमच्या बाया कांद्याच्या रानात खुरपत असतात. गाडीचा आवाज कानावर पडला की खुरपं टाकून लेकरू घेऊन येतात, आणि शहाणी पोरं तोच आवाज ऐकून कडब्याच्या गंजीमागं लपतात. आवाज न करता गेले तर मला बांधाबांधावर हाका मारत हिंडावं लागेल. त्या बिचाऱ्यानं ती गाडी बंद करून स्टँडवर लावली. एवढं ऐकून घेणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत असेल, एवढं ऐकवणारं नसेल मिळालं.

पेटी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून बघितली. अशी चपखल बसली की मी टाळी वाजवली, भर शोरूममध्ये, चाळिशी उलटलेली बाई. कागद भरताना त्यानं विचारलं, नाव कुणाचं टाकू? मी तोंड उघडायच्या आत मिस्टरांनीच माझं नाव सांगितलं, पूर्ण, माझ्या वडिलांच्या नावासकट, जसं शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. हप्ते कसे बसवायचे ते आम्ही बसवले, त्याचं रडगाणं नको. निघताना शोरूमवाल्यांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात लिंबू नाही. हे जरा चुळबुळ करायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, त्यांनी मायेनं ठेवलंय. लिंबू फचकन फुटलं आणि मला जे हसू सुटलं ते वेशीपर्यंत आवरेना.

घरी येताना मात्र गाडी ह्यांनीच चालवली. आपल्या नावावरची गाडी आणि आपणच मागं, एका बाजूला पाय सोडून. मी रस्ताभर चडफडत होते.

नाताळच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी आमच्या मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात गाडीसाठी प्रार्थना केली. हँडलवर हात ठेवून त्यांनी देवाला आधी ब्रेकची आठवण करून दिली, मग टायरांची, मग समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या सद्बुद्धीची. प्रार्थना इतकी लांबली की माझा एक डोळा आपोआप उघडला आणि गाडीच्या टाकीवर माझंच तोंड दिसलं, कानापर्यंत हसणारं. तेव्हा शरम वाटली आणि पुन्हा डोळा मिटला.

शिकवणी दुसऱ्या दिवसापासून, आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात, सकाळी साडेसहाला. साडी घडी करून ठेवली आणि पंजाबी ड्रेस घातला. क्लच, गिअर, सगळं मिस्टरांनी एकदा सांगितलं. मी चार वेळा गाडी बंद पाडली, पाचव्यांदा ती निघाली. निघाली ती उजवीकडंच निघाली! मी सरळ जाते म्हणायचे आणि गाडी मैदानाला गोल फेरी मारायची. हे मधे उभं राहून ओरडायचे, सरळ बस. मी सरळच बसले होते की. तीन दिवस हेच. गाडीत खोट आहे म्हणून मी मिस्त्रीला आणलं. त्यानं स्वतः चालवून बघितली तर गाडी दोरीत धरल्यासारखी सरळ गेली. मग त्यानं मला चालवायला सांगितलं, मागून बघितलं आणि खाली बसून हसायला लागला. बारा वर्षं डावीकडं पाय सोडून, मांडीवर पेटी घेऊन बसले होते, तेव्हा तोल राखायला कंबरेतून उजवीकडं कलायची सवय अंगात मुरली होती. आता पुढं बसले, दोन्हीकडं पाय टाकले, तरी अंग आपलं उजवीकडंच. मिस्टरही त्याला सामील झाले. तेव्हा मिस्त्री त्यांना म्हणाला, "तुमी काय हसताय? तुमी एकटे असला तरी असेच कललेले असता. सगळं गाव बघतंय बारा वर्षं." मिस्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग माझी कंबर सरळ करायला दोन आठवडे गेले. उजवीकडं कलले की हे माझ्या नावानं हाक मारायचे, कल गेला की गप्प. ह्या काळात बुधवारी हेच मला नेत होते. शिकाऊ लायसन्स झालं, फेब्रुवारीत आरटीओच्या कॅम्पला पक्क्याची परीक्षा झाली. आठाचा आकडा काढायचा होता. माझ्या आधीच्या दोघा तरण्या गड्यांनी पाय टेकले, मी नाही टेकला. साहेबांनी मान हलवली तेव्हा मला वाटलं त्यांच्या गळ्यात पडावं. घरी येऊन मी हेल्मेट न काढताच चहा टाकला. मिस्टर म्हणाले, आता झोपतानाही घालशील.

आणि मग फेब्रुवारीचा तो शेवटचा बुधवार उजाडला. सकाळी बर्फाच्या पाट्या घालून पेटी भरली, झाकण घट्ट लावलं. हे म्हणाले, चढापर्यंत मी येतो. मी म्हटलं, या, पण मागं. पेटी ह्यांच्या मांडीवर गेली आणि आम्ही भर गावातून निघालो. पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. एकजण ह्यांना म्हणाला, काय हो, मालकीणबाईंनी कामावर घेतलं का? हे म्हणाले, व्हय, पगार ठरायचाय अजून. माझ्या अंगात असं वारं भरलं होतं की मला ओरडावंसं वाटत होतं.

ओढा पार झाला. गोट्यांवरून गाडी नाचली, पण पडली नाही. चढाच्या पायथ्याला कडुलिंबाचं झाड आहे, तिथं हे उतरले, कारण दोघं आणि पेटी घेऊन तो चढ चढवायला माझा हात अजून नवा. ह्यांनी पेटी सीटवर बांधली, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि बाजूला झाले. मी एकटी वर चढले. मधल्या वळणावर गाडी बंद पडली आणि मागं घसरायला लागली. ब्रेक दाबला, पाय टेकला आणि मोठ्यानं स्वतःलाच शिवी दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. किक मारली, पहिला गिअर, हळू क्लच. गाडी चढली! देवाशपथ, बाळंतपण सुखरूप झाल्यावर जसं वाटतं तसं वाटलं.

तिन्ही वस्त्या दुपारी एकच्या आत झाल्या. एका बाईनं माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, "आज दादा न्हाई आले? आणलं कुनी तुमाला?" मी म्हटलं, मीच आणलं. ती गाडीकडं बघत राहिली, मग कडेवरच्या पोरीला म्हणाली, बघ गं, बघून ठेव. शेवटच्या वस्तीवर पेटी उघडली तेव्हाही बर्फाच्या पाट्या अजून गारेगार होत्या. मी त्यातली एक मुद्दाम गालाला लावून बघितली. मग मॅडमना फोन केला, सांगितलं तिन्ही वस्त्या झाल्या, एकही लेकरू राहिलं नाही. त्या म्हणाल्या, मग वस्त्या तुमच्याच, सिस्टर.

उतरताना मी गाणं म्हणत होते. लिंबाखाली हे बसलेले. सकाळपासून तिथंच होते, डबाही सोडला नव्हता. मी हेल्मेट काढायच्या आधीच सुरू झाले. कशी बंद पडली, कशी घसरली, कशी चढवली, मॅडम काय म्हणाल्या, ती बाई काय म्हणाली. हे ऐकत होते आणि ऐकता ऐकता वाकून गाडीची साखळी बघत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हात पुसले.

"झालं म्हनजे. परवा निघतो मग मी. खोलीचं बघाया लागंल शिर्डीत."

अडीच महिने मी क्लचचा विचार केला, ब्रेकचा केला, चढाचा केला. मी शिकले की हे जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात रोज तेच बोलणं होतं. पण ते मला कळलं त्या लिंबाखाली, हातात हेल्मेट असताना. शिर्डी म्हणजे महिन्यातून दोनदा येणं, फार तर तीनदा. मघाशी गाणं म्हणत होते त्याच तोंडानं मी म्हटलं, "अहो, मला चिखलात चालवता येत नाही अजून."

ह्यांनी वर बघितलं. जामखेडचं फेब्रुवारीतलं आभाळ, ढगाचा तुकडा नाही.

"पावसाला तीन महिने हायेत अजून," ते म्हणाले. मग सीटवरचा पट्टा सोडून पेटी उचलत म्हणाले, "तवा येईन की."

मी हेल्मेट घातलं. बरं झालं ते होतं. हे मागं बसले, आणि बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, भर दिवसा, रस्त्यावर, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रानातल्या दोन बाया खुरपं थांबवून बघत होत्या. ह्यांनी हात काढला नाही. पुढं रस्ता चांगला होता, सरळ, डांबरी, आणि चौथा गिअर मला येत होता. मी गाडी दुसऱ्यावरच ठेवली. इंजिन कण्हत होतं, गिअर बदल म्हणत होतं. एरवी एवढ्याशा चुकीला हाक मारणारा माणूस घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.