वास नसलेली टाकी

सातपूरची ती घटना आठवली की अजूनही मन हळहळतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी तिथे फौजदार होतो.

लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर टाकीत उतरला आणि मेला. वर दोर धरून त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, उभा होता. अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा उरकला, तोच एका कामगाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, की सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बहिणीला दिवाळीला माहेरी का पाठवत नाही, यावरून. पाठोपाठ मृताची बायको ठाण्यात आली. माझ्या भावानेच त्यांना मारलं, असं तिने सांगितलं आणि तिथेच बसवून ठेवलेल्या भावाकडे पाहिलंही नाही.

शवविच्छेदनात मृत्यू गुदमरून झाल्याचं निघालं, पण गळ्यावर खूण नव्हती, पोटात विष नव्हतं. गुदमरणारा माणूस हातपाय झाडतो, हा आमचा अनुभव. मेहुणा मात्र म्हणत होता, की तो आवाजही न करता खाली बसला आणि आडवा झाला. थाप मारायचीच तर माणूस याहून बरी मारतो, असं मला सारखं वाटायचं. शेवटी चौकशीत तो फुटला.

"मीच म्हनलो, उतर. टाकीच्या तोंडाशी वास घेतला, कायच वास नव्हता. आमी असंच बघतो, साहेब."

हवालदार कबुली लिहून घ्यायला सरसावला. पण वास नसूनही मारणारं टाकीत काही असेल का, असं मनात आलं, म्हणून मी त्याला थांबवलं आणि कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं. टाकीत काय भरलं होतं, हा त्यांचा पहिलाच प्रश्न. आतून गंज चढू नये म्हणून नायट्रोजन भरला होता, असं मालकाने आढेवेढे घेत कबूल केलं. कामगारांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. प्राध्यापक म्हणाले, हा वायू विषारी नाही. आपल्या हवेत पाचातले जवळपास चार भाग तोच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण तोच कोंडून भरला, तर प्राणवायूला जागा उरत नाही आणि आतल्या माणसाला ते कळतही नाही.

आमच्या गावी जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. तशीच भरून ठेवलेली दुसरी टाकी होती, तिच्यात मी पेटता कंदील सोडला. त्या बाईलाही बोलावून घेतलं होतं. ज्योत बारीक होत होत विझली. मेहुण्याला सोडलं आणि मालकावर हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला.

खरं बोलणाऱ्याचा जबाब कधी कधी खोट्याहूनही अशक्य वाटतो, हे मी तेव्हा शिकलो. पुढे कुणाचंही म्हणणं उडवून लावताना मी थबकायचो.

बाईने मला एवढंच विचारलं, "साहेब, त्यांना लय तरास झाला असंल का?"

नाही, मी म्हणालो. हे खोटं सांगावं लागलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मग ती भावाजवळ गेली. तो मान वर करत नव्हता.

"ऊठ दादा," ती म्हणाली. "माझ्या पोरांना आता तूच हायेस."