तळेघरचा पाऊस आणि आमचं ताजं पान

खत-औषधांच्या दुकानात पोती विकली जातात, किस्से मात्र मुक्कामालाच राहतात. निमगाव सावातल्या माझ्या दुकानाच्या गच्चीवर पाऊस-वारा-तापमान मोजायचं यंत्र बसवलं, आकडे वेबसाइटवर टाकायला लागलो, तेव्हापासून तर जागा पुरेना.

\*

पहिली वेबसाइट साध्या एचटीएमएलची. कॉम्प्युटर पान लिहून वर पाठवायचा, पुढचं जाईपर्यंत तेच दिसायचं. एकदा लाइट गेली आणि पान ‘पाऊस नाही’वर अडकलं. ते बघून आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकानं, बबनभाऊनं, द्राक्षबागेवर औषध मारलं, अन् मागून सर आली. सगळं धुऊन गेलं.

तसाच भिजलेला दुकानात आला, मोबाइल माझ्यापुढं धरला. "राव, हितं ऊन हाय. कपडे यात वाळत घालू का?"

हसलो दोघंही. पण बाग फुलोऱ्यात होती. आणखी एक फवारणी वाया गेली तर डाऊनी रोग घड खाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

\*

मग व्हिडिओ बघून बघून पीएचपी ही वेबसाइटची भाषा शिकलो. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. पान कुठं लिहून ठेवलेलंच नसतं; कुणी मागितलं की त्या क्षणी तयार होतं! बबनभाऊला म्हटलं, "आधी सकाळीच भाकरी थापून ठेवायचो. आता पावणा ताटावर बसला की तव्यावर टाकतो."

"आन् पीठच आलं न्हाई तर?"

याचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. आकडा जुना असेल तर पानानं स्वतःच तसं सांगावं, ही सोय त्याच दिवशी घातली.

\*

वर डोंगरात, तळेघरला माझे साडू मास्तर आहेत. दुसरं यंत्र त्यांच्या अंगणात बसवलं. पान तेच, गाव निवडलं की त्या गावचं होतं. इकडं घाम, तिकडं गारठा. बायको बराच वेळ बघत राहिली, मग बहिणीला फोन लावून म्हणाली, "शाल घे गं अंगावर."

\*

पुढच्या फवारणीला बबनभाऊनं औषध कालवलं, ट्रॅक्टर सुरू केला. सहज तळेघरचं पान उघडलं. पाऊस शून्य. परत उघडलं, तर आकडा चढलेला.

"डोंगरात लागलाय. आता हिकडं येतोय," म्हणत त्यानं ट्रॅक्टर बंद केला. शेजारचे हसले. थोड्याच वेळात निमगावात अशी सर आली, की हसणारेच पळाले. औषध टाकीतच राहिलं. उघडीप झाल्यावर त्यानं निवांत फवारलं.

दुकानात येऊन त्यानं स्पीकरवर मास्तरांना फोन लावला. "मास्तर, तुमच्या पावसानं बाग वाचली."

"कसला पाऊस?" मास्तर म्हणाले. "आमच्याकडं ऊन व्हतं. यंत्रात कोळ्यानं जाळं केलं व्हतं, म्हणून हिनं तांब्याभर पाणी ओतलं."

बबनभाऊनं फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "वैनींना इचारा, परत कधी धुणार हायेत?"