पंपाच्या पट्ट्यावरची घडी

शेवंताकाकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लोहाऱ्याला कचेरीत टपालाची नोंद करत होते. "आई खुरपताना खाली बसली, ती उठलीच न्हाय बघ," चुलतभाऊ दत्ता सांगत होता. महिना उलटला, तरी ते खुरपं मनातून जात नाही. काकूंना खुरपं सोडायचं होतं...

काकू म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात दाराला दार लागून. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. धाराशिवच्या वसतिगृहात मला ठेवायला वडील तयार नव्हते, तेव्हा पहिल्या वर्षाचा खर्च काकूंनी खुरपणीच्या मजुरीतून केला. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेले, तर त्यांनी विचारलं, "तुझ्या बाजूला बाप्यामाणूस हाय का कामाला?"

"आहे की."

"मग त्याला किती अन् तुला किती?"

"दोघांना सारखाच पगार, काकू. सरकारी नियमच आहे."

"चल, लबाड! पेढं आणलं म्हणून कायबी ऐकू व्हय?" त्या खूप हसल्या.

आमच्याकडे बाईचा रोज गड्याच्या निम्मा. का, तर औषधाचा पंप पाठीवर घेऊन फवारणी गडीच करतात. मी नव्या नोकरीच्या उत्साहात म्हणाले, "मग तुम्हीही पंप घ्या. समान कामाला समान मजुरी, कायदाच आहे." दुसऱ्याच दिवशी काकू गावातल्या मोठ्या बागायतदाराकडे, बापूंकडे गेल्या. बापू हसले, "घे की. झेपला तर रोज गड्याचा." खांदे सोलवटू नयेत म्हणून काकूंनी जुन्या हिरव्या लुगड्याची घडी पंपाच्या पट्ट्याला शिवली आणि पंप उचलला. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाये, आज मी पुरी भरले गं. गड्याचा रोज मिळाला." त्यांचा इतका आनंदी आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

त्यांचं बघून बाकीच्या बायका शिकल्या. गडी ट्रॅक्टरवर गेले. पुढच्या हंगामात फवारणीला सगळ्या बायकाच उरल्या, तेव्हा बापू म्हणाले, "आता हे बायकांचंच काम झालं की. रोज बायकांचा."

मी कलमं घालून शुद्ध भाषेत अर्ज लिहून दिला. काकूंनी सही केली. पाहणीला कामगार खात्याचे साहेब आले, सभ्य होते. बांधावर उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या कामावर पुरुष मजूर कोण?" कोणीच नव्हता. उत्तर आलं, 'तुलनेसाठी पुरुष मजूर नसल्याने भेदभाव आढळून आला नाही.' काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजी, बाजूला एक गडी उभा केला आस्ता तर मी खरी ठरले आस्ते?"

मजुरी कामाची ठरवा, शेजारी पुरुष शोधत बसू नका, एवढं शासनाला कायद्यात लिहिता आलं असतं. मलाही अर्जात ते सुचलं नाही, शिकले होते तरी. त्यानंतर बापूंनी काकूंना फवारणीला बोलावलंच नाही. पुन्हा खुरपं, पुन्हा निम्मा रोज. माझ्यावर त्या कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं...

परवा गावी गेले, तर काकूंची सून फवारणीला निघाली होती. पंप बापूंचाच, तोच. पट्ट्यावर हिरवी घडी अजून होती, औषध मुरून कडक झालेली.

"रोज किती देतात गं?" मी विचारलं.

"किती म्हंजी? बायकांचा," ती म्हणाली आणि पंप घ्यायला पाठ वळवली.

पट्टा चढवताना घडी सरकली होती. ती मी तिच्या खांद्यावर, पट्ट्याखाली नीट बसवून दिली.